आईची शिदोरी आणि लशीची वेळ

कोंबडीच्या पिल्लाला लस केव्हा द्यावी, हा प्रश्न अग्रलेखाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ज्या स्तंभात राज्यकर्त्यांच्या धोरणांची आणि अर्थसंकल्पातील आकड्यांची झाडाझडती व्हावयाची, तेथे खुराड्यातील पिल्लांना स्थान कशाला, असे सुशिक्षित मनाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरात बँकेचे पासबुक आहे पण त्यात शिल्लक नाही, त्या घरातील खरी शिल्लक अंगणात चरणाऱ्या पाच-दहा कोंबड्यांच्या रूपाने वावरत असते. मुलाच्या वह्या, अचानक उद्भवलेले दुखणे, दारी आलेला पाहुणा, बाजाराच्या दिवशीचे तेलमीठ, या सर्वांची तरतूद त्यातून होते. शेत बहुधा पुरुषाच्या नावावर असते. कोंबडी मात्र बाईची असते. म्हणून एखाद्या गावावरून रोगाची साथ फिरते आणि दोन दिवसांत खुराडी ओस पडतात, तेव्हा त्या घरातील सर्वांत दुबळ्या हातातील धन नाहीसे होते. त्याचा पंचनामा कोणी करीत नाही, भरपाईचा अर्ज कोणी लिहीत नाही आणि विधिमंडळात त्यावर तारांकित प्रश्नही विचारला जात नाही.

आज आम्ही ज्या भागाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो समुद्रकिनाऱ्यापासून फार दूर आहे. बेला हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे मंडलाचे गाव. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला चंद्रपूर जिल्हा, असा हा सीमेवरचा टापू आहे. काळी जमीन, कापसाचे पीक, आणि मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषांचा सहवास, हे या भागाचे वैशिष्ट्य. किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. राज्यपुनर्रचनेने रेषा ओढली, परंतु सोयरीक, बाजार आणि बोली यांनी ती कधी मनावर घेतली नाही. कोंबडीच्या रोगानेही ती मनावर घेतलेली नाही. म्हणूनच पिल्लांच्या लसीकरणाचा प्रश्न बेल्यासारख्या ठिकाणाहून पाहिला की त्याचे खरे स्वरूप स्पष्ट होते.

मानमोडीची गोष्ट

आपल्याकडे ज्या रोगाला मानमोडी म्हणतात, त्याचे शास्त्रीय ग्रंथांतील भारतीय नाव राणीखेत. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल या बंदरात हा रोग ओळखला गेला. म्हणून जग त्याला न्यूकॅसल रोग म्हणते. त्यानंतर लवकरच कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे त्याची साथ आढळली आणि जवळच असलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तिचा अभ्यास केला. तेव्हापासून आपल्या देशात हेच नाव रूढ झाले. कोंबडी मलूल होते, पंख पाडून बसते, हिरवट हगवण लागते, श्वास घेताना घरघर होते, आणि जी त्यातून काही दिवस तगते तिची मान पिळवटली जाते. लस न दिलेल्या कळपात जहाल विषाणू शिरला, तर शंभरातील नव्वद-पंच्याण्णव पक्षी दगावणे हे नवल नव्हे.

या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे आणि ती आजकालची नव्हे. मुक्तेश्वर येथेच १९४० च्या दशकात कोंबडीच्या अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून विषाणूचा एक सौम्य वाण तयार करण्यात आला. मोठ्या पक्ष्यांसाठी वापरली जाणारी ‘आरटूबी’ ही लस त्याच परंपरेतील आहे. लहान पिल्लांना ती सोसत नाही. त्यांच्यासाठी ‘एफ’ आणि ‘लासोटा’ हे अधिक सौम्य वाण आहेत. लासोटा हे नाव अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ज्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांत तो विषाणू १९४६ साली सापडला, त्याच्या आडनावावरून पडले. पुण्यात औंध येथील आणि हैदराबाद येथील सरकारी पशुवैद्यकीय लस-निर्मिती संस्था आपापल्या राज्यांची गरज कित्येक वर्षे भागवीत आल्या आहेत. ज्ञान जुने आहे, लस स्वस्त आहे, कारखाने घरचे आहेत. तरीही मानमोडी हटत नाही. असे का व्हावे? पुरवठ्यातील ढिलाई हे त्याचे एक उत्तर आहेच. परंतु दुसरे उत्तर पिल्लाच्या जन्मकथेत दडलेले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

बलकातील वारसा

पक्ष्याचे पिल्लू आईच्या दुधावर वाढत नाही. आई त्याला जे काही देणार, ते अंडे घालण्यापूर्वीच बांधून द्यावे लागते. कोंबडीने पूर्वी ज्या रोगांशी सामना केला असेल किंवा ज्यांची लस तिला मिळाली असेल, त्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी रक्तातील द्रव्ये, अंडाशयात बलक तयार होत असतानाच तिच्या रक्तातून त्यात उतरतात. अंडी उबण्याच्या अखेरच्या दिवसांत आणि पिल्लू बाहेर आल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत हा बलक पिल्लाच्या शरीरात शोषला जातो व त्याबरोबर प्रतिपिंडे त्याच्या रक्तात येतात. आईकडे जितके असेल, त्या मानाने पिल्लाला मिळते. ही आईने दिलेली शिदोरीच होय. फेलिक्स क्लेम्पेरर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ सालीच असे दाखवून दिले होते की, धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या कोंबडीच्या अंड्यातील बलकात ती शक्ती उतरते. कोंबड्यांच्या पटकीवर लुई पाश्चर यांनी १८७९-८० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून प्रयोगशाळेतील लशींचे युग सुरू झाले, हे ध्यानी घेतले तर या सामान्य पक्ष्याचे मानवजातीवरील ऋण किती मोठे आहे याची कल्पना येईल.

परंतु शिदोरी ती शिदोरीच, ती संपते. पिल्लाचे शरीर ही प्रतिपिंडे स्वतः तयार करीत नाही, मिळालेली खर्चीत राहते. मानमोडीविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे साडेचार दिवसांत निम्मे होते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. समजा, प्रयोगशाळेच्या मोजमापाने पिल्लाच्या अंगी जन्मतः ६४ एवढे बळ आहे. पाचव्या दिवसाच्या सुमारास ते ३२ होईल, नवव्या दिवशी १६, चौदाव्याच्या आत-बाहेर ८ आणि अठराव्या दिवशी ४. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेक पिल्ले उघडी पडलेली असतात.

आता लशीकडे वळू. मानमोडीची नेहमीची लस ही जिवंत परंतु सौम्य विषाणूंची असते. तो विषाणू पिल्लाच्या शरीरात थोडा वाढला, तरच शरीर त्याला ओळखते आणि स्वतःची प्रतिपिंडे तयार करावयास शिकते. परंतु आईची प्रतिपिंडे लशीचा विषाणू आणि रोगाचा विषाणू असा भेद करीत नाहीत. त्या राखणदाराला चोर आणि गुरुजी सारखेच परके! लस फार लवकर दिली, तर आईचे संरक्षणच लशीला मारते आणि पिल्लू कोरे राहते. लस फार उशिरा दिली, तर मधल्या उघड्या दिवसांत खरा रोग गाठतो. त्यातही पंचाईत अशी की, असे काही दिवस येतात जेव्हा आईच्या प्रतिपिंडांचे प्रमाण रोग अडविण्यास अपुरे असते, पण लस बिघडविण्यास पुरेसे असते. पिल्लांच्या लसीकरणाचे सारे शास्त्र या अडचणीच्या दिवसांतून वाट काढण्याचे शास्त्र आहे.

ही गोष्ट केवळ कोंबड्यांची नव्हे. आपल्या बाळांना गोवराची लस जन्मतः न देता नऊ महिने पूर्ण झाल्यावर का देतात? आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडे तोपर्यंत ओसरलेली असतात आणि लस अंगी लागण्याची शक्यता वाढलेली असते, हे त्याचे एक प्रमुख कारण. पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा देतात, ती पहिलीतून निसटलेल्यांसाठी. खेड्यातील ज्या मातेने आपल्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड जपून ठेवले आहे, तिला पिल्लांच्या लशीचे वेळापत्रक समजणार नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे.

कारखान्याचे उत्तर आणि अंगणाचा प्रश्न

मोठ्या कुक्कुटपालन उद्योगाने या अडचणीवर आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. पिल्ले ज्या कोंबड्यांपासून घ्यावयाची, त्या पैदाशीच्या कोंबड्यांना अंड्यावर येण्यापूर्वी तेलयुक्त मृत विषाणूंची लस टोचली जाते. त्यामुळे सर्व माद्यांच्या अंगी प्रतिपिंडांचे प्रमाण उंच आणि जवळपास सारखे राहते व पिल्लांनाही सारखी शिदोरी मिळते. शिदोरी सारखी असली की ती केव्हा संपणार याचा अंदाज बांधता येतो. पाचव्या ते सातव्या दिवशी एफ किंवा लासोटा लशीचा थेंब डोळ्यात वा नाकपुडीत टाकतात. तेथील ग्रंथींत आणि श्लेष्मल पडद्यात आईच्या प्रतिपिंडांचा पहारा तुलनेने सैल असल्यामुळे लशीचा विषाणू तेथे मूळ धरू शकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच मात्रा पुन्हा देतात. पुढे अंड्यांसाठी पाळावयाच्या पक्ष्यांना आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली आरटूबी टोचतात.

गंबोरो या दुसऱ्या रोगात तर हा हिशेब अधिकच काटेकोर आहे. १९६२ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात गंबोरो या गावाच्या परिसरातून तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. पिल्लाच्या शेपटीच्या बुडाशी असलेली ‘बर्सा’ नावाची पिशवी तो उद्ध्वस्त करतो. ही पिशवी प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींची शाळा आहे, हे ब्रूस ग्लिक या तरुण संशोधकाच्या प्रयोगांतून १९५६ साली उजेडात आले. मानवी वैद्यकात ‘बी’ पेशी असे जे म्हणतात, त्यातील ‘बी’ हे अक्षर याच पिशवीच्या नावावरून आलेले आहे. बर्सा गेली की पिल्लाला मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागत नाही. म्हणून मोठे उत्पादक थोड्या पिल्लांचे रक्त तपासून, आईची प्रतिपिंडे कोणत्या दिवशी पुरेशी उतरतील याचे गणित मांडतात व त्या दिवशी गंबोरोची लस देतात.

हे सर्व उत्तम आहे. परंतु ते दहा हजार पिल्लांच्या एकाच वयाच्या, एकाच वंशाच्या कळपाचे उत्तर आहे. बेल्याच्या अंगणातील प्रश्न निराळा आहे. तेथे एक कोंबडी आज खुडूक बसते, दुसरी महिन्याने. एकीने पूर्वी मानमोडी सोसून जीव वाचविलेला असतो, तेव्हा तिच्या बलकात भरपूर प्रतिपिंडे असतात. दुसरी मागल्या बाजारातून आलेली तलंग असते, तिच्याकडे देण्यासारखे काहीच नसते. एकाच डालग्याखाली झाकलेल्या पिल्लांपैकी निम्मी सावकाराच्या घरची आणि निम्मी कंगालाच्या घरची, अशी ही अवस्था! कारखान्यासाठी छापलेल्या पुस्तिकेतील ‘सातवा दिवस’ येथे जसाच्या तसा लागू केला, तर काही पिल्लांत लस वाया जाते आणि काही पिल्लांना तो दिवस उजाडण्यापूर्वीच रोग गाठू शकतो. मग लोक म्हणतात, लस देऊनही कोंबड्या मेल्या. एकदा असा बोभाटा झाला की पुढील पाच वर्षे त्या गावात लशीची पेटी उघडणे कठीण होते.

येथे सरकारी योजनांचाही विचार केला पाहिजे. ग्रामीण कुटुंबांना पिल्ले वाटण्याच्या योजनांत पिल्ले पहिले चार आठवडे एका संगोपनगृहात वाढवून मग लाभार्थ्यांच्या हाती देण्याची पद्धत रूढ झाली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती याच हेतूने खेड्यांत गेल्या. पद्धत शहाणपणाची आहे, कारण कोवळ्या वयातील मर त्यामुळे टळते. परंतु वाचकांनी वरील हिशेब आठवावा. चार आठवडे हे आईची शिदोरी संपल्याचे वय होय. संगोपनगृहात दोन्ही मात्रा वेळेवर व नीट दिल्या गेल्या असतील, तर हे पिल्लू स्वतःच्या पायावर उभे आहे. दिल्या गेल्या नसतील, तर शासन त्या बाईच्या हाती, छायाचित्रकाराच्या साक्षीने, ऐन उघडे पडलेले पिल्लू देत असते. आणि ते मेले की ‘लाभार्थींची उदासीनता’ असा शेरा मारून नस्ती बंद करता येते. किती पिल्ले वाटली हा आकडा अहवालात येतो. त्यातील किती सहा महिन्यांनी जिवंत होती, हा आकडा आमच्या मते त्याहून महत्त्वाचा आहे.

दोन गैरसमज

या विषयात दोन गैरसमज घातक ठरतात. पहिला असा की, गावठी कोंबडीला रोग होत नाही. गावठी कोंबडी काटक असते, ऊन-पाऊस सोसते, घारीपासून पिल्ले राखते, हे सर्व खरे. परंतु मानमोडीच्या जहाल विषाणूपुढे हा काटकपणा टिकत नाही. साथीतून वाचलेली एखादी कोंबडी सर्वांना दिसते. मेलेल्या उकिरड्यावर जातात आणि विसरल्या जातात. त्यातून हा समज जन्मतो.

दुसरा गैरसमज अर्धवट ज्ञानातून येतो आणि म्हणून अधिक फसवा आहे. आईची प्रतिपिंडे लशीला अडवीत असतील, तर आईला लस न दिलेलीच बरी, असा तर्क काही जण करतात. हा तर्क म्हणजे कुलपाची किल्ली सापडत नाही म्हणून दार काढून टाकण्यासारखा आहे. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला दुसरे कोणतेही भक्कम संरक्षण नसते. आई कोरी असेल, तर पिल्लू जन्मल्या दिवसापासून उघडे असते. आईला लस मिळालेली असेल, तर ती स्वतः वाचते, तिची अंडी वाचतात, पिल्लांना पहिले पंधरा दिवस मिळतात, आणि सर्व कोंबड्यांना एकाच वेळी लस दिली असेल तर पिल्लांची शिदोरीही बव्हंशी सारखी होते. तात्पर्य, पिल्लाचे लसीकरण पिल्लापासून नव्हे, कोंबडीपासून सुरू होते. खेड्यासाठी आखावयाच्या कोणत्याही कार्यक्रमाचे हे पहिले सूत्र असावयास हवे.

करावयाचे काय?

त्यातून पुढील गोष्टी ओघाने येतात. घरोघर वेगवेगळ्या तारखा न धरता संपूर्ण गावाची एक तारीख धरावी. त्या दिवशी मोठ्या पक्ष्यांना आणि पिल्लांना आपापल्या वयाची लस द्यावी, पिल्लांना तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा न चुकता द्यावी आणि ठरावीक महिन्यांनी गावाची फेरी पुन्हा करावी. जी पिल्ले एका फेरीतून निसटतील, ती दुसऱ्या फेरीत सापडतील. प्रयोगशाळेतील रक्ततपासणी खेड्याला परवडणारी नाही. नियमित पुनरावृत्ती परवडणारी आहे. हे काम पहाटे कोंबड्या खुराड्यात असतानाच करावे लागते. ज्या बाईच्या एका हाकेवर कोंबड्या गोळा होतात, तिच्याच वस्तीतील शिकविलेली पशुसखी ते चांगले करू शकेल.

गावाची एक तारीख धरण्यास आणखी एक कारण आहे. लशीची कुपी शंभर, दोनशे किंवा पाचशे मात्रांची असते. द्रावण केल्यावर ती एक-दोन तासांत संपवावी लागते आणि तोपर्यंत थंड ठेवावी लागते. सात कोंबड्या असलेल्या बाईने ती विकत घेऊन करावयाचे काय? आदिलाबादचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दुपारी बर्फाच्या पेटीचे काय होते हे सांगावयास नको. ऊन सोसणारे वाण याच अडचणीतून जन्मास आले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर स्प्रॅडब्रो यांनी ‘व्ही-फोर’ आणि नंतर ‘आय-टू’ या उष्णता तुलनेने अधिक सोसणाऱ्या वाणांवर काम केले. मोझांबिक आणि टांझानिया या देशांतील खेड्यांत, गावातल्याच प्रशिक्षित माणसांच्या हातून, दर चार महिन्यांनी डोळ्यात एक थेंब या पद्धतीने आय-टू लस वापरली गेली. आफ्रिकेतील खेड्यांना जे साधले, ते पुणे आणि हैदराबाद येथे लस-संस्था असलेल्या प्रदेशाला साधू नये, हे मान्य करावयास आम्ही तयार नाही.

आणि अखेरचा मुद्दा सीमेचा. आजारी पडू लागलेली कोंबडी घरी मरण्यापूर्वी आठवडी बाजारात स्वस्तात विकून टाकावी, हा मोह गरिबाला होतो. त्याला दोष देणे सोपे आहे. ती कोंबडी पैनगंगेच्या अलीकडून पलीकडे किंवा पलीकडून अलीकडे जाते, आणि तिच्याबरोबर साथही जाते. बेला मंडलाने लस टोचली आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमावर्ती गावांनी टोचली नाही, किंवा याच्या उलट झाले, तर दोन्हींकडचा खर्च अर्धा वाया जातो. दोन राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी सीमेवरील गावांसाठी एकच आठवडा ठरवावा, एवढ्याच गोष्टीसाठी कोणत्याही लवादाची वा आयोगाची आवश्यकता नाही. जिल्हा पातळीवरील दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांस पत्र लिहिले तरी पुरे.

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी होते. त्यातील ३१ कोटी ७० लाख परसातले होते आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. मोठमोठे कोंबडी-कारखाने उभे राहिले म्हणून अंगणातील कोंबडी संपेल, हे भाकीत या आकड्यांनी खोटे पाडले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या आमच्या किनारपट्टीवरही माडाच्या सावलीत चरणारी कोंबडी त्याच रोगाच्या छायेत वावरते, आणि तिच्या मालकिणीच्या प्रश्नाचे उत्तरही तेच आहे.

कोंबडीने आपले काम केलेले असते. तिच्याजवळ जे आहे ते ती बलकात घालून देते आणि एकवीस दिवस त्यावर बसते. ती शिदोरी पंधरा-वीस दिवस पुरते. त्यानंतरच्या वाटेवर पिल्लाला सोबत करण्याचे काम माणसांचे आहे, आणि ते काम करण्यासाठी लागणारे ज्ञान, लस आणि माणसे या तिन्ही गोष्टी आपल्याजवळ आहेत. त्या तिघांची गाठ योग्य दिवशी, योग्य अंगणात घालून देणे, एवढेच शासनाने करावयाचे उरले आहे. येत्या उन्हाळ्याच्या आत पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हे घडावे, अशी आमची मागणी आहे.